आमच्यात घोसाळं खात नाहीत

देगलूरच्या तहसिलीत, जिन्याखालच्या खोलीत
मोमीन सर कागदाला नाक लावून वाचत होते,
उजवीकडून डावीकडं.
मी लिहून घेत होते डावीकडून उजवीकडं.
मधेच कुठंतरी आमची कोपरं एकमेकांना लागायची.

फसली तेराशे अठ्ठेचाळीस.
गुंडाजी वल्द माणकोजी.
हे माझे आजोबा, मी म्हटलं.
"भाऊ होता का त्यांना?"
नाही सर. एकलेच.
सरांनी बोट उचललं नाही.
"लालू वल्द माणकोजी," ते म्हणाले. "फरार."

शेजारी पेन्सिलीनं, कंटाळलेल्या अक्षरात:
बोधन. साखर कारखाना.

भावाला फोन लावला. तो पुण्यात, मीटिंगमधे.
दाखला त्याच्या लेकराला पाहिजे.
वंशावळीत मी नाही,
आम्ही शेवटच्या ओळीत "व दोन मुली" आहोत.
फाईल मात्र माझ्या पिशवीत, मेथीच्या जुडीखाली.
फरार माणसाचं काय करायचं ताई, तो म्हणाला,
पुढचं पान बघ.

मी बघितलं नाही.

बोधन गाडीच्या कंडक्टरला, मठपतींना, चिठ्ठी दिली.
नाव, गाव, माझा नंबर.
एकोणीस दिवस ते खिडकीतूनच मान हलवायचे,
नाही म्हणून.

विसाव्या दिवशी फोन.
हॅलो.
मग कितीतरी वेळ नुसता पंखा ऐकू येत राहिला,
त्यांच्याकडचा का माझा, कळेना.
"मी माणिकय्या. लालू मेस्त्रीचा लेक."
माणकोजीला तिकडं य्या लागला होता,
मदनूरच्या पुढं नावांना लागतो तसा.
मराठी बापाकडून ऐकलेली, तेवढीच;
कणगी होती तिच्यात, मोट होती,
नंतरचं काही आलंच नव्हतं.

काय बोलावं? पुरावा मागितल्यासारखं विचारलं,
तुमच्यात घोसाळं खातात?
"नाय." लगेच. "शिवत बी नाय."

आमच्यात ह्याचं कारण विचारत नाहीत.
कुणी म्हणतं देवक आहे, कुणी म्हणतं वातूळ.
काकू म्हणायची, सासूनं सांगितलं,
तिला तिच्या सासूनं, आता गप जेव.

कारण बोधनला होतं. सगळी वर्षं.

विहिरीच्या काठाला बोर, बोरीवर वेल चढलेला.
ठकी सात वर्षांची. धाकली.
सगळ्यात पुढचं घोसाळं पाण्यावर लोंबत होतं.
दादा माझा हात धर, म्हणाली.
"अन् बापानं धरला होता," माणिकय्या म्हणाला.
थांबला.
"मरस्तोवर तेवढंच सांगायचा. धरला होता मनून."

पुन्हा तहसिलीत गेले.
ठकी वल्द माणकोजी बघता का, सर?
"वल्द म्हणजे मुलगा, बेटी.
मुलीला दुख्तर लिहायचे," ते म्हणाले.
"लिहिलं तर."
तरीही दोन बस्ते सोडले त्यांनी,
आणि दुपारची नमाज झाल्यावर तिसरा.
धुळीनं दोघंही शिंकत होतो.
शेवटी त्यांनी फडकं पुन्हा बांधलं,
गाठ जरा जास्तच सावकाश मारली.

दाखला अडकलाच. फरारी काही सिद्ध करत नाही.
भाऊ म्हणाला, वकील बघतो.

माणिकय्या रविवारी येतोय, सुनेला घेऊन.
मधुमेह आहे, चहा बिनसाखरेचा, सून फोनवर सांगत होती,
साखर कारखान्यात जन्म गेला ह्यांचा,
आणि हसली. मी पण.

शनिवारच्या बाजारात वांगी घेतली, शेपू घेतला.
शेजारच्या बाईनं फडक्यावर घोसाळी मांडलेली.
कवळी हाय, घ्या की, तिनं एक पुढं केलं.
आमच्यात चालत नाही,
हे तोंडापर्यंत आलेलं
आणि हात गेला होता.

उभी राहिले तशीच, गर्दीत, धरून.
किती हलकं असतं.