द्विवचन

चार नंबरच्या कोर्टवर, पार्किंगला लागून,
सात माणसं आहेत बघायला.
एक सिक्युरिटीचा. एक गाडी चुकीच्या जागी लावून आलेला.
बोर्डावर माझं आडनाव, मग तिरकी रेघ,
मग तमुनाचं, जागा संपली म्हणून शेवटची दोन अक्षरं गायब.

अकरा वर्षं मी या रेघेला लागून राहते.
पलीकडचं बिऱ्हाड बदलतं.

मामा म्हणायचा, ताण दिल्याशिवाय बहर धरत नाही.
सांगोल्याच्या डाळिंबांचं पाणी तो तोडायचा
पानं गळेपर्यंत, आणि रोज बांधावर जाऊन
त्यांची समजूत काढायचा.
एकेरीत माझी पानंच गळली.
बहर धरला तो इथे, दुहेरीत,
चेक निम्मा, टॅक्सी निम्मी, हॉटेलची खोली निम्मी.

तारांचा ताण मात्र बावन्नच.
बिजॉय मशीनवर वाकून कान रॅकेटजवळ नेतो,
‘मनामाची हवा दमट आहे, दीदी, दोन पौंड वाढवू?’
राहू दे, म्हणते. आता हाताला सवय झाली.

नेटपाशी उभी राहून मी हात मागे नेते.
दोन बोटं: मी जाते.
मिटलेली मूठ: इथेच आहे.
माझा चेहरा तमुना कधी नीट बघत नसेल,
पण माझी पाठ तिला पाठ आहे.
तिला मी तीन मराठी शब्द शिकवलेत, समोरच्यांना कळू नयेत म्हणून:
माझा, तुझा, सोड.
(समोर पुण्याची पोर आली की पंचाईत.)

शेवटचा टायब्रेक, आठ-नऊ.
लॉब उंच गेला, दिव्यांच्याही वर, दिसेनासा झाला,
आणि खाली आला तो बरोबर मधोमध.
‘तुझा,’ मी म्हणाले.
‘तुझा,’ तीही म्हणाली, तिच्या त्या जड ‘झ’सकट.
चेंडू एकदा उडाला, मग दुसऱ्यांदा,
मग कुंपणापाशी जाऊन गप्प बसला.

गाडीत तिने फोनवरून नजर न काढता सांगितलं,
पुढच्या आठवड्यात दोह्याला ती दुसरीबरोबर खेळणार.
डावखुरी आहे. चांगली आहे मुलगी.
मी म्हटलं, डावखुरी असली की बरं पडतं.

गाडी चालवणाऱ्या मक्कीचाचांना गप्पा हव्या होत्या.
म्हणाले, बहर म्हणजे समुद्र. बहरैन म्हणजे दोन समुद्र,
एक खारा, एक त्याच्या तळाशी झिरपणारा गोडा.
आमच्याकडे एकाला एक रूप, दोघांना वेगळं,
तिसऱ्यापासून पुढे सगळी गर्दी.

मला केळुसकर बाई आठवल्या, आठवी ब.
देवः, देवौ, देवाः.
मधलं पाठ करा गं, परीक्षेत येतं.
आयुष्यात नाही येत.

चाचांचे आजोबा मोत्यांच्या होडीवर होते.
बुडी मारणारे नव्हेत, वर दोर धरणारे.
जन्मात कधी पाण्यात उतरले नाहीत,
पण खालच्याचा दम किती उरलाय
ते म्हणे त्यांच्या तळव्याला कळायचं.
मुहर्रकचा पूल आला, गेला.
तमुना झोपली होती, किंवा झोपल्यासारखी.

जुफैरच्या खोलीत मी पुढचा फॉर्म उघडला.
आडनाव लिहिलं. रेघ दिली.
तिच्यापुढे काय, ते उद्या दुपारी दोनपर्यंत.
बाल्कनीत तिची मनगटपट्टी वाळत होती, आत आणून
तिच्या बॅगेवर ठेवली.

दोन पलंग. मध्ये एक दिवा.
त्याचं बटण अगदी मधोमध,
तिच्या हाताला जितकं, तितकंच माझ्या.
दोघी जाग्या आहोत.
दिवा चालूच आहे.