ताण लागेपर्यंत

रात्री अकरा वाजता मी मादीला टोचते
पोटॅशियमचं पाणी. काटे एका बाजूला कलतात
आणि पालथं धरलेल्या तिच्यातून पेल्यात उतरू लागतं केशरी,
लाखो अंडी, रव्याहून बारीक.
नराचा एक थेंब. ढवळणं. घड्याळ सुरू.

केयोनच्या धक्क्यावर यांना एरिसो म्हणतात,
लिंबू पिळून कच्चेच खातात.
माझ्याकडे येतात ते उरलेसुरले.

दर दहा मिनिटांनी एक नमुना बर्फात.
पगार जागं राहण्याचा.
सकाळी डॉक्टर इसाउरा पट्ट्या बघतील:
एक प्रथिन साचत जातं, साचत जातं,
काळी रेघ जाड होत जाते
आणि पेशी दुभंगायच्या वेळी
पुसून काढल्यासारखी नाहीशी.
पुन्हा पहिल्यापासून.
पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, माझंच काही चुकलं.
"चुकलं नाही, नेल्दा," त्या म्हणाल्या,
"ते मोडलं नाही तर ती पुढे जाणारच नाही."

एक वाजून वीस. भिंगाखाली एक अंडं.
रंगवलेली गुणसूत्रं निळी,
मधोमध ओळीत उभी. सगळी नाहीत.
एक बाजूला राहिलंय,
एका टोकाचा धागा त्याला लागलाय, दुसऱ्याचा नाही.
शेजारणी दोनाच्या झाल्या, चाराकडे निघाल्या.
हे थांबलंय.
वरून कुणी थांब म्हटलेलं नाही.
ज्याला ताण लागला नाही तेच ओरडतंय,
आणि एवढ्याशा ओरडण्यावर
अख्खी पेशी हात आखडून बसलीये.

ताण मला ठाऊक आहे.
आई बोटीवर नळी धरायची, पिवळी,
इकडे कॉम्प्रेसर, तिकडे तळाशी बाबा.
एक हिसका: ठीक. दोन: टोपली ओढ. तीन: मला ओढ.
ती बोटांनी ऐकायची. तेव्हा तिच्याशी बोलायचं नाही.
तिघं खाली असले तर तिघांचे हिसके आल्याशिवाय
इंजिनाला कुणाला हात लावू द्यायची नाही.
"दोघं आले म्हणजे कुणीच आलं नाही," म्हणायची,
"हिशेब असाच धरायचा."

त्या ऑगस्टात तिला ताप होता.
नळ्या तिबुर्सियो मामाकडे. वारा उत्तरेचा,
बंदी लागायला दोन दिवस.
दोन नळ्या ताठ, तिसरी सैल.
त्याला वाटलं, सैल म्हणजे जवळ आलाय.
त्याने इंजिन लावलं.

बाबा एका दमात वर आले.
वाटेत थांबे असतात, सहा मीटरवर, तीन मीटरवर,
तिथे काही करायचं नसतं,
नुसतं लटकायचं,
रक्तातला वायू आपल्या पायांनी निघून जाईपर्यंत.
त्यांनी एकही घेतला नाही.
डावा पाय तेव्हापासून दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

आज ते थर्मास घेऊन आलेत. झोप नसतेच त्यांना.
स्टूल पुढे ओढून डोळा लावून बसलेत,
पाय लांब, वाटेत, मी ओलांडत राहते.
"अजून?"
"अजून."
"आणि नाहीच लागला धागा तर?"
कधी कधी कंटाळते, मी सांगते. थकून सोडून देते.
एक जास्त इकडे, एक कमी तिकडे.
गर्भ थोडे दिवस चालतो, वाकडा.
ते काही बोलत नाहीत.
एक छप्पन्नला गजर होतो,
मी बर्फाकडे वळते, नळीवर आकडा लिहिते,
आणि पाठीमागून:
"लागला."

मी पळत येते तोवर निळं दोन्हीकडे निघालेलं,
मध्ये कंबर बारीक होत चाललेली.
मला दिसलं नाही, त्यांना दिसलं.
ते डोळा काढत नाहीत.
मग, काचेलाच सांगावं तसं:
"तिबुर्सियोला एकदा बोलाव इथे.
त्याने हे बघायला हवं. बघितलं पाहिजे असं नाही,
पण बोलाव."

वहीत यासाठी रकाना नाही.
मी समासात लिहिते: मामा.
दोन वाजून सहा. पुढचा नमुना.