कुणाच्या तरी हाती

जुबैलच्या कॅम्पात, खोली नंबर चौतीस,
वरच्या बंकवर उताणा पडून
मी रिले निवडतोय.

दुपारपासून शमाल सुटलाय,
एसीतून वाळूचा वास येतो.
खाली बिनोय घोरतो, मल्याळममध्ये.

भाची म्हणाली होती, शाल्मली, चिपळूणहून:
"मामा, हे कुणाच्याच मालकीचं नाही.
चावी तुझी, नाव तुझं. कुणी बंद पाडू शकत नाही."
बरं वाटलेलं ऐकून.
आमचा जुना ग्रुप एका रात्रीत गेला होता.
एकोणीस जण, चार महिन्यांचा थकलेला पगार,
आणि सकाळी स्क्रीनवर एक राखाडी वाक्य.

पण पुढचं तिनं नाही सांगितलं:
मालक नसला तरी हमाल लागतोच.
बोललेलं कुणीतरी वाहून न्यायला हवं ना.

तर एक आहे फिनलंडात. फुकट.
पण तिथून उत्तर फिरेस्तोवर चहा निवतो.
एक ब्राझीलच्या कुणा पोराचा,
म्हणे आईच्या फ्रीजमागे ठेवलाय मशीन त्यानं;
त्याच्या गल्लीतली वीज गेली की आम्ही इथं मुके.
एक पैसे मागतो, तेही असल्या नाण्यात
जे मी आयुष्यात हातात धरलेलं नाही.
एक सगळं जपून ठेवतो, त्याची भीती वाटते.
एक तीस दिवसांनी पुसून टाकतो. त्याचीही.
आणि एक इथलाच, दम्मामचा,
बोट उचलायच्या आत पोचवतो.
इतक्या जवळ कोण बसलंय
हे विचारायचं कुणाला?

आधी सहा लावले होते.
फोन तापायचा, दहा तारखेलाच डेटा संपायचा.
म्हणून तीन काढले.
दत्ताराम भुवड नेमका त्या तिघांवर लिहीत होता,
गुहागरला बसून, पगाराशिवाय परतलेला.
मला वाटलं, रागावला.
त्याला वाटलं, मी पैसे घेऊन गप्प झालो.
दोघंही रोज बोलत होतो,
दोन वेगळ्या धक्क्यांवर उभे राहून.

वडील ब्याऐंशीत इथंच होते, पाइपलाइनवर.
कॅसेटमध्ये बोलायचे, दोन्ही बाजू भरून,
मग गावी जाणारा माणूस शोधत फिरायचे.
मुकादम विसराळू, पण सचोटीचा.
खोत वेळेत पोचवतो, आधी स्वतः ऐकतो.
रेडीजच्या बॅगेत जागा असते, आणि जीभ सैल.
एकदा वैतागून त्यांनी
तेच बोलणं तीनदा भरलं
आणि तिघांच्याही हाती दिलं.
आईकडे दोन पोचल्या.
दोन्हींत एकच मजकूर, तोच खोकला सुद्धा जवळपास तिथंच.
तरी अजून विचारते ती,
तिसरीत काय होतं.

आज अश्रफ सुटीवर निघालाय.
त्याच्या खजुरांच्या डब्याखाली चिठ्ठी सरकवली,
तीन रिलेंचे पत्ते, ठळक अक्षरांत,
आणि खाली: भुवड, ह्या तीनवर ये.
"फोनवर सांग की," अश्रफ म्हणाला.

सांगत होतो कालच.
डब्ल्यू, एस, एस, मग दोन टिंबं, मग दोन तिरक्या रेघा,
इथवर आलो
आणि पलीकडून भुवड ओरडला, कोंबड्या हाकलत,
"गड्या, असलं कानात ऱ्हात नाय माझ्या.
लिहून धाड
कुणाच्या तरी हाती."