बाटलीतला कापूस

सिव्हिलच्या त्या खोलीबाहेर बाकडं एकच.
कुणी कुणाकडे बघत नाही,
बघितलंच तर चपलांकडे.
तिच्या पायात हिरवे मोजे होते, घरी विणलेले,
म्हणून लक्षात राहिली.

खिडकीतला मुलगा विचारत होता, कायमचा पत्ता?
मुंडगोड, कॅम्प नंबर सहा.
तो तात्पुरता झाला. कायमचा सांगा.
ती हसली. म्हणाली, आईच्या जन्माआधीपासून
तात्पुरताच आहे, भाऊ.
त्यानं रकाना कोरा सोडला.

तीन महिन्यांच्या गोळ्या पिशवीत खुळखुळल्या
तशी ती जागीच थांबली.
मी म्हटलं, थोडा कापूस घाल आत. वाजत नाही.
मलाही एका बाईनंच शिकवलं होतं,
चाळीसगावची होती,
नाव विचारायचं राहून गेलं.

मग ती बोलली, मोडक्या हिंदीत, जिन्यावर उभ्यानं.
शरणपूर रोडला स्वेटरची रांग,
बावीस दुकानं, सगळी एकाच कॅम्पातली.
थर्मास एक, कप सगळ्यांचे सारखे.
मागच्या साली नोर्बूचा कप तेवढा
वेगळ्या खिळ्याला टांगला गेला.
वाईट कुणी बोललं नाही त्याला,
उलट चहा आधी त्यालाच द्यायचे.
फेब्रुवारीत त्यानं गोळ्या सोडल्या.
यंदा त्याच्या जागी टोप्यांचं दुकान आहे.
नोर्बूच्या बायकोची तपासणी झाली का,
हे विचारायचं कुणी?
विचारणाऱ्याला कसं सुचलं, असं विचारतील.

गाव गेलं, ती म्हणाली नाही,
मीच मनात म्हटलं,
गाव गेलं, गावकी तेवढी सोबत आली.
आणि माझं ताट आठवलं,
नांदूर नाक्याच्या माझ्याच घरात
फळीवर पालथं, एकटं, सात वर्षं.

डिसेंबरात जाऊबाईंबरोबर गेले त्या रांगेत.
यांगझोमनं ओळख दिली नाही.
मीही नाही.
साडेसहाशे सांगितले, मी तीनशेवर आले,
अशी भांडले की जाऊबाई खूश.
चारशे वीसला तुटलं.
घडी घालताना तिचा हात
खिशापाशी जरा रेंगाळला, इतकंच.

घरी येऊन बघते तर खिशात
हिरव्या लोकरीचा एवढासा गुंडा.

रात्री नऊचा गजर झाला.
जुना कापूस पिवळा पडला होता, तो काढला.
बाटली कानाशी हलवून पाहिली.
बाहेरून जाऊबाई म्हणाल्या,
पहिल्याच धुण्यात रंग जाणार बघा,
चारशे वीस पाण्यात.