पाठकोरं

लाइटबिलाच्या पुढच्या बाजूला कन्नड,
मागची बाजू माझी.
अरुंद, लांबट कागद. त्यावर मराठीत लिहिते:
तेल पाव किलो. रिठे.
परशरामच्या सायकलची ट्यूब, जुनीच, चौथं पंक्चर.
पेन्सिल भैरूच्या शाळेतली.
बोटाच्या पेराएवढी उरली तेव्हा
मागाच्या रिकाम्या कांडीत खोचली,
अजून चालते.

वडगावात रात्री झोप लागते ती मागांच्या खडखडाटात.
लाइट गेली, माग थांबले
की सगळी गल्ली दचकून उठते.

त्या वर्षी एका महिन्यात अकरा युनिट आले,
पुढच्या महिन्यात नऊ.
तिसऱ्या महिन्यात साहेब आले,
एक शिडी घेऊन, एक पोरगा घेऊन.
'मीटर सरी ऐतेनु?'
चोरी करताय, असं ते तोंडानं म्हणाले नाहीत,
शिडीनं म्हणाले.

पोरगा चढला, वायर चाचपली, कौलांवर बघून आला.
इरव्वा तिच्या दारातून साहेबांना कन्नडात काय काय बोलली.
अर्धं मला कळलं.
ते अर्धं इथं लिहिण्यासारखं नाही.

मग साहेब घरात आले. बल्ब एकच.
छपरात काचेचं कौल, त्याच्या उजेडात
मी तांदूळ निवडत बसलेली.
फ्रीज? ओलं पोतं गुंडाळलेला माठ दाखवला.
टीव्ही? इरव्वाकडं.
मिक्सर? पाट्यावर वाटण तसंच होतं.
'मिक्सर तरी घ्या की ओ,' म्हणाले,
आणि चहा न घेता गेले.
मीटर बरोबर आहे, असा कागद देऊन गेले.
मी आधी उलटून बघितला.
मागं कोरा.

साली, देठं इरव्वाच्या शेळीला.
शेळीच्या लेंड्या माझ्या डब्यांतल्या रोपांना.
मी म्हणते कोथिंबीर, ती म्हणते कोत्तंबरी,
शेळी दोन्ही खाते,
कुंपणाकडं बघत नाही.

भैरू हुबळीला कामाला लागला.
दिवाळीला मिक्सर घेऊन आला.
वापरते. खोटं कशाला बोलू,
मनगट रात्रभर ठणकायचं.

मागच्या महिन्यात शाळेतल्या बाई घेऊन गेल्या,
म्हणाल्या, पर्यावरणासाठी तुम्ही किती करता,
मुलींना सांगा.
मी उभी राहिले. काय सांगणार?
म्हटलं, पैसे नव्हते.
बाईंना ते आवडलं नाही, वही मिटली त्यांनी.
मागच्या बाकावरची एक, दोन वेण्या, शाईचं बोट,
उठून म्हणाली, 'आता आहेत नव्हं? मग आता?'

घरी येताना वाटभर तिचंच बोलणं.
नळाखाली कुणाची तरी घागर भरून वाहत होती,
वाकून बंद केला.
घागर माझी नव्हती. नळही नाही.
हात पैसे विचारायला थांबला नव्हता.
हे तिला सांगायचं राहिलं.

आता बिल येत नाही.
भैरूच्या मोबाइलवर येतं, तिकडं हुबळीला.
'आई, कागद वाचला,' म्हणतो.
कुणाचा रे?

चौदा बिलं उरली होती, ती संपली.
काल ट्रंकेच्या तळातली जुनी गड्डी काढली,
मागनं पुढनं भरलेली असणार म्हणून,
चुलीत घालायला.
उलटली तर पुढची छपाई उडून गेलेली.
युनिट नाहीत, रक्कम नाही, साहेबांची तारीख नाही.
मागं माझी पेन्सिल जशीच्या तशी.
यावरून कुणी भांडायला येऊ नये.
त्यांची शाई हलकी होती, एवढंच.

पुढची बाजू मांडीवर सपाट केली.
कुठल्याशा महिन्याच्या अकरा युनिटांवर
कांडीतल्या पेन्सिलीनं लिहिलं:
इरव्वा, दोन पेंढ्या. द्यायच्या आहेत.