रताळी – तीन

दिवसभर उद्यमबागेत क्रँकशाफ्ट घासतो.
दहा मायक्रॉन काढायचे, मायक्रोमीटर लावायचा,
श्वास धरायचा, अजून दोन काढायचे.
रात्री अनगोळच्या खोलीत तेच काम,
फक्त हाताला तेल नाही.

गाडी मागून सुटते.
उतारावरच्या तिसऱ्या वळणात ब्रेक लावला
की शेपूट बाहेर,
आणि मी आल्या वाटेकडे तोंड करून उभा.

मागच्या टायरांची हवा दोन पौंडांनी कमी.
कॅम्बर पाऊण अंश.
मागचा अँटी-रोल बार अठ्ठावीसवरून चोवीस.
एका वेळी एकच गोष्ट, हे मुचंडीकर फोरमनचं शिक्षण:
दोन बदललीस तर चूक कुणाची कळायची नाही,
आणि शिव्या दोघांना बसतील.

एक बेचाळीस पॉइंट सहा.
एक बेचाळीस पॉइंट नऊ.
भिंत.

आप्पा कॉटवर शेंगा फोडत बसलेले.
एकतीस वर्षं पणजीची बस, चोर्ला घाटातून.
"काय करूलास?"
"गाडी सेट करूलोय."
"मग चालवणार कवा?"

दोन फेऱ्या गप्प बघत राहिले.
टरफलं मुठीत धरून म्हणाले,
"ढुंगण हलकं हाय तिचं."

या नावाचा पर्याय मेन्यूत नव्हता.

"कणकुंबीला रस्ता ओला असला की
रिकामी बस अशीच करायची.
मग जांबोटीला रताळ्याची पोती चढायची.
कंडक्टर इराण्णा म्हणायचा, टपावर टाका.
मी म्हणायचो, आत. मागच्या चाकाच्या डोक्यावर. सहा.
पोती कमी पडली तर जाडी माणसं मागं बोलवायचो.
हलगेकर मास्तरांना राग यायचा.
तिकीट पुढच्या सीटचं काढलंय म्हणायचे."

"आणि पोती नसली, मास्तर पण नसले तर?"

"तर सावकाश."

मी मागची स्प्रिंग मऊ केली,
ब्रेकचा भार पुढे सरकवला,
चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न,
दर टिचकीला एक पोतं चढलं असं धरून.
चौथ्या पोत्याला शेपूट जमिनीवर बसली.
पाचव्याला गाडी गायीसारखी वळली.
सहाव्याला पुढची चाकं ऐकेनात,
सरळ गवतात.
"एक उतरव," आप्पा म्हणाले.
उतरवलं.

एक एक्केचाळीस पॉइंट आठ.

जतन करताना नाव मागितलं.
गेममध्ये अकरा भाषा.
त्यात आमच्या घरातली नाही, गल्लीतलीही नाही.
इंग्रजी अक्षरांत लिहिलं, रताळी – तीन.
(एक आणि दोनबद्दल बोलत नाही.)

घटप्रभेचा बाळेश रोज अकराला येतो.
कारखान्यात दुसरी पाळी, मग गेम.
त्यानं सेटिंग उतरवून घेतलं,
माझ्यापेक्षा तीन दशांश कमी वेळ लावला,
आणि विचारलं, रताळी अंद्र एन?
मी लिहिलं, गेणसू.
थोडा वेळ काहीच आलं नाही.
मग आलं: हाँ. हिंद वज्जा.
मागं वजन.
त्याच्याही घरात कुणीतरी बस नाहीतर ट्रॅक्टर हाकलेला असणार.
विचारलं नाही.

बारा वाजता आप्पांच्या हातात कंट्रोलर दिला.
गरम पेल्यासारखा धरला, बोटांच्या टोकांनी.
पहिला गिअर, दुसरा, दुसराच.
मागून सगळे ओलांडून गेले,
त्यांना त्यांनी हात बाहेर काढून वाट दिली,
म्हणजे कॉटच्या बाहेर.

तिसरं वळण आलं. आंधळं, डोंगर डावीकडे.
त्यांचा अंगठा बटणांवरून फिरू लागला,
चौकोन, गोल, त्रिकोण.
"हॉर्न कुठलं?"
"नाही आप्पा. समोरनं कोण येत नाही यात."
"तुला काय म्हाईत?"

आणि स्क्रीनकडे बघतच,
शेजारची जागी होतील याची पर्वा न करता,
तोंडानं लांब दाबला,
पोंऽऽऽ