कुलूप खरं होतं

टॉवेलच्या गठ्ठ्यांचे पैसे भलत्याच खात्यात गेले त्या दिवशी
चिलवेरी शेठ एवढंच म्हणाले, "कुलूप तर दिसत होतं की गं."
दिसत होतं. कुलूप खरं होतं.
दार दुसऱ्याचं होतं, नावात एक अक्षर जास्त.

तेव्हापासून शोधतेय, हे नीट कुठं शिकायचं.
नवी पेठेतला क्लास एकवीस दिवसांत तरबेज करणार होता;
पहिल्या दिवशी काळा टी-शर्ट दिला,
दुसऱ्या दिवशी पुढचा हप्ता मागितला.
व्हिडिओतला पोरगा "एकदम सोपंय" म्हणतो
आणि अवघड जागा आली की चित्र बदलतो.
रद्दीत एक जाड पुस्तक मिळालं, चाळीस रुपयांना.
चार रात्री वाचलं. पाचव्या रात्री कळलं,
त्यातली कुलपं केव्हाच फुटलीत.
सुपावरून मान वर न करता अम्मा तेलुगूत म्हणाली,
वाळलं पान वळताना तडकतं,
कधीचं आहे ते आधी बघायचं.

मग मूळ मसुदाच सापडला. दीडशेवर पानं, गोष्ट नाही, गंमत नाही.
अशोक चौकातल्या झेरॉक्सवाल्या इरण्णानं विचारलं, "कोर्टाचं काय?"
वाक्यं तशीच: केलंच पाहिजे. करावं. कदापि करू नये.
चार दिवसांआड नळाला पाणी, तेही रात्री दोनला;
घागर भरेपर्यंत एक पान.
किल्ली ठरते कशी, तिथं आठवडाभर अडले.

रेवणसिद्ध काका गड्ड्याच्या बाजारात बैलांचे सौदे करतात.
उपरण्याखाली बोटं दाबून भाव,
भोवती पन्नास माणसं, कुणाला पत्ता नाही.
म्हटलं, काका, इथं उपरणंच नाही.
भर बाजारात आकडे ओरडायचे
आणि तरी तिसऱ्याला भाव कळू नये.
ते बराच वेळ तंबाखू मळत राहिले.
"मग दोघांनीही थोडं थोडं पोटात ठेवलं असणार."

मी निघालेच. मागून त्यांचा आवाज,
"आणि समोरचा हात त्याचाच कशावरून?"

ते पुढच्या प्रकरणात आहे.

मसुद्याला चुकांची एक यादी जोडलेली आहे,
तारखेसकट, मान्य केलेल्या.
शेठ म्हणाले, "चुका असलेलं कशाला वाचतेस?"
त्यांना काय सांगू, त्याच यादीमुळं बाकीचं वाचवलं.

गेलेले पैसे आले नाहीत.
आता कुणी नवं खातं कळवलं
की जुन्या नंबरवर फोन लावते
आणि नाव एकेक अक्षर वाचून घेते,
ओरडून,
कारण भिंतीपलीकडं माग चालू असतात.